वेबसाइट आधी कट्ट्यावर उघडून बघा



मागच्या हिवाळ्यात आपल्या एका गटासोबत मी दादरला प्रदर्शनाला गेले होते. कोकम आगळ, कुळीथ पीठ, आंबोशी, फणसपोळी, मसाला असा सगळा माल होता. गटाने नुकतीच स्वतःची वेबसाइट करून घेतली होती आणि प्रत्येक पिशवीत तिचं कार्ड टाकत होतो. दुपारी पाय मोकळे करायला आम्ही दोघी-तिघी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. (या मैदानाचं आधीचं नाव माहीम पार्क. १९२७ साली त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे. मला आवडलं हे, म्हणून सांगितलं.)

शेजारी एक मावशी होत्या, मघाशीच आपल्याकडून आगळाची बाटली घेतलेल्या. म्हणाल्या, "अगं, ही संपली की घरबसल्या मागवता येईल ना? थांब, आत्ताच बघून ठेवते." एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन. बराच वेळ पांढरी स्क्रीन. मग अक्षरं आली ती मुंगीएवढी. मोठी करायला गेल्या तर किंमत कडेला बाहेर गेली. शेवटी फोन पिशवीत टाकून म्हणाल्या, "जाऊ दे, पुढच्या वर्षी याल तेव्हाच घेईन."

साइटचे पैसे गटाच्या खात्यातून गेले होते. बनवणाऱ्या मुलाने ती कॉम्प्युटरवर दाखवली, तिथे ती सुंदर दिसत होती. आणि "छान आहे, द्या पैसे" असं मीच म्हणाले होते. फोनवर एकदाही उघडली नव्हती. आपलं गिऱ्हाईक मात्र फोनच वापरतं.

मग नेमकं बिघडलं कुठे? अक्षर बारीक दिसण्याचं कारण अगदी छोटं होतं. पान फोनच्या रुंदीत बसव, असं सांगणारी एक ओळ साइटमध्ये टाकावी लागते. तिला 'व्ह्यूपोर्ट' म्हणतात. ती नसली की फोन कॉम्प्युटरचं अख्खं पान आक्रसून दाखवतो. ओळ टाकल्यावरही पानाची मांडणी एकाखाली एक अशी व्हायला हवी. मुलाला एवढंच विचारा, "व्ह्यूपोर्ट टाकलंय का, आणि पान आडवं सरकवावं लागतं का?" त्याला कळेल. अक्षराचा आकार निदान १६ पिक्सेल ठेवायला सांगा. फिकट राखाडी अक्षर तर नकोच, उन्हात काही दिसत नाही.

खरा घोळ फोटोंचा होता. आपण फोनने काढलेला फोटो सहज ४ एमबीचा असतो. गटाने असे १२ फोटो जसेच्या तसे चढवले होते, म्हणजे ४८ एमबी. नेट सेकंदाला पाव एमबी चालत असेल तर हे पान पूर्ण उघडायला ३ मिनिटांहून जास्त लागतात. एवढं कोण थांबेल? तेच फोटो बारीक करून २०० केबीचे केले तर १२ फोटोंचे अडीच एमबीसुद्धा होत नाहीत, १० सेकंदांत काम होतं. स्क्रीनवर फरक जवळजवळ दिसत नाही. "मुंबईत नेटला काय कमी," असं आपल्याला वाटतं. पण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात, तेव्हा एवढ्या गर्दीत रेंज फुल दिसूनही पान हलत नाही. आपल्या वाडीतल्या नेटचं तर तुम्हाला माहीतच आहे.

दरपत्रकाचं पोस्टर डीटीपीवाल्याकडून करून तेच चित्र साइटवर लावू नका. मोठं केलं की अक्षर फाटतं, आणि नंबर दाबून फोन लागत नाही. नाव, वजन, किंमत, १४ आकडी एफएसएसएआय नंबर हे सगळं युनिकोड मराठीत टाइप करा. फोन नंबर दाबला की लागला पाहिजे. व्हॉट्सॲपचं बटण बोटाच्या टोकाएवढं हवं आणि अंगठा पोचेल असं खाली हवं.

क्यूआर कोडची गंमत तर मला कट्ट्यावर बसल्यावरच समजली. स्टॉलवर तो उत्तम चालतो. पण साइटवर लावला तर ज्या फोनवर तो दिसतोय त्याच फोनने स्कॅन कसा करणार? स्क्रीनशॉट काढून होतं, पण तेवढी खटपट कोणी करत नाही. गटाच्या खात्याचा यूपीआय आयडी अक्षरांत लिहा, शेजारी कॉपी करायचं बटण ठेवा. पत्त्याच्या फॉर्ममध्ये नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल एवढंच विचारा, आणि पिनकोड भरताना आकड्यांचा कीबोर्ड उघडायला हवा. ईमेल कशाला हवाय आपल्याला?

आणखी एक. साइट शोधात कुठे दाखवायची हे ठरवताना गूगल आता तिचं फोनवरचं रूप बघतं. हा बदल त्यांनी २०१६ मध्ये जाहीर केला आणि २०२३ मध्ये पूर्ण केला.

खरं सांगायचं तर चार-पाचच वस्तू विकणाऱ्या गटाला माझ्या मते वेबसाइट लागतच नाही. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग फुकट आहे, फोनसाठीच बनलेला आहे. साइट करायचीच असेल तर शेवटचा हप्ता लगेच देऊ नका. आधी वायफाय बंद करून, गटातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, उन्हात उभं राहून, एका हाताने एक ऑर्डर शेवटपर्यंत टाकून बघा.

त्या गटाची साइट आता दुरुस्त झालीय. पुढच्या मासिक बैठकीला ज्या गटांची साइट आहे त्यांनी कार्ड घेऊन यावं, आणि ज्यांच्याकडे जुना फोन आहे त्यांनी तो चार्ज करून आणावा. बैठक संपल्यावर अंगणात उभ्या राहून एकेक साइट उघडू.