लायब्ररी, तुझी आवृत्ती कोणती?

संगणकावरील किंवा मोबाइलमधील कोणतीही आज्ञावली सगळी कामे स्वतः करीत नाही. माहिती साठवणे, ती दाबून लहान करणे, गुप्त लिपीत घालणे ही कामे ती तयार लायब्ररींकडून करवून घेते. या लायब्ररीत पुस्तके नसतात, तयार फंक्शने असतात.

पुष्कळदा लायब्ररी आज्ञावलीच्या पोटात नसते. ती संगणकावर निराळी ठेवलेली असते आणि आज्ञावली सुरू होताना तिला जोडली जाते. मग आज्ञावली लिहिताना समोर असलेली आवृत्तीच तुमच्या संगणकावर असेल कशावरून? म्हणून चांगली लायब्ररी आपली आवृत्ती दोनदा सांगते. एकदा हेडर फाइलमध्ये. तो आकडा आज्ञावली बांधताना तिच्यात उमटून राहतो. दुसऱ्यांदा एका छोट्या फंक्शनमार्फत, ऐन वेळी विचारल्यावर. दोन्ही उत्तरे ताडून पाहायची.

माहिती दाबणारी 'झेडलिब' तर विचारण्याची वाटही पाहत नाही. काम सुरू करण्याच्या आज्ञेबरोबरच हेडरमधील आवृत्ती तिच्याकडे जाते. पहिला अंक जुळला नाही, तर ती सरळ काम नाकारते. हे बरेच, नाहीतर दोघींचा स्मृतीच्या मांडणीविषयी गैरसमज होऊन भलत्याच जागी भलते लिहिले जायचे!

आता एक गंमत. ३.९.० आणि ३.१०.० यांत नवी आवृत्ती कोणती? तुम्ही चटकन सांगाल. पण संगणकाने शब्दकोशाप्रमाणे एकेक चिन्ह ताडले, तर १ हा ९ च्या आधी येतो आणि ३.१०.० जुनी ठरते. 'एसक्यूलाइट' ही माहिती साठवणारी लायब्ररी म्हणून आवृत्ती संख्येतही सांगते. पहिल्या भागाला १०,००,००० ने व दुसऱ्याला १,००० ने गुणायचे आणि तिसरा भाग मिळवायचा. मग ३.९.० चे ३००९००० आणि ३.१०.० चे ३०१०००० होतात. ३.८.५ चे काय होईल, ते करून पाहा.

तरीही नुसत्या आकड्यावर विसंबता येत नाही. एप्रिल २०१४ मध्ये 'ओपनएसएसएल' या लायब्ररीतील 'हार्टब्लीड' नावाचा दोष जाहीर झाला. त्यातून सर्व्हरच्या स्मृतीचा ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा एका वेळी परक्याच्या हाती लागे. त्यात लोकांचे पासवर्डही असू शकत. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्ती सदोष होत्या, १.०.१जी दुरुस्त होती. साहजिकच जो तो आवृत्ती विचारू लागला. परंतु 'डेबियन'सारख्या प्रणालींनी जुन्या १.०.१ई मध्येच तेवढी दुरुस्ती केली होती. ती लायब्ररी निर्दोष झाल्यावरही आपले नाव १.०.१ईच सांगे! खरे काय ते कळण्यासाठी पॅकेजचा क्रमांक किंवा लायब्ररी बांधल्याची तारीख पाहावी लागे.

एसक्यूलाइटमध्ये यावर आणखी एक सोय आहे. ज्या मूळ मजकुरातून लायब्ररी बांधली, त्याची तारीख आणि त्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक लांबलचक खूण ती सांगते. कोणी त्या मजकुरात फेरफार केला असेल, तर खुणेची शेवटची चार चिन्हे बदललेली आढळू शकतात.