फ्रान्झ योझेफ लँडचे समन्वेषण आणि एका नकाशाची दुरुस्ती

नवा प्रदेश शोधून काढणाऱ्यास भूगोलाच्या इतिहासात जे श्रेय मिळते, ते नकाशावरील अस्तित्वात नसलेली भूमी पुसून टाकणाऱ्यास सहसा मिळत नाही. वस्तुतः हे दुसरे काम पुष्कळदा अधिक कष्टाचे असते. फ्रान्झ योझेफ लँड या ध्रुवीय द्वीपसमूहाचा इतिहास त्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

बॅरेंट्स समुद्राच्या उत्तरेस, सुमारे ८० ते ८२ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, १९० हून अधिक बेटांचा हा समूह पसरलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १६,००० चौरस किलोमीटर असून त्यातील जवळजवळ ८५ टक्के भूमी हिमाच्छादित आहे. येथे मूळची मनुष्यवस्ती नव्हती. त्यामुळे स्थानिक वाटाडे नाहीत, जुनी स्थलनामे नाहीत. जे ज्ञान झाले ते सर्वस्वी बाहेरून आलेल्यांच्या डोळ्यांनी व उपकरणांनी झाले.

तरीही डोळ्यांच्या आधी तर्क तेथे पोहोचला होता. समुद्रातील हिमाच्या हालचालीवरून त्या दिशेस अज्ञात भूमी असली पाहिजे, असे अनुमान रशियन नौदलातील अधिकारी निकोलाय शिलिंग यांनी १८६५ मध्ये मांडले. १८७१ मध्ये क्रोपोटकिन यांनी त्याचा पुरस्कार केला. अराजकवादी विचारवंत म्हणून पुढे विख्यात झालेले क्रोपोटकिन ते हेच. परंतु मोहिमेस सरकारी द्रव्य मिळाले नाही.

प्रत्यक्ष शोध लागला तो एका अपघाताने. वायप्रेख्ट व पायर यांच्या नेतृत्वाखालील ऑस्ट्रिया-हंगेरीचे ‘टेगेटहोफ’ हे जहाज ऑगस्ट १८७२ मध्ये नोव्हाया झेमल्याजवळ बर्फात अडकले आणि वर्षभर त्या बर्फाबरोबर वाहत राहिले. ३० ऑगस्ट १८७३ रोजी धुके विरले आणि समोर डोंगर दिसले. पुढील वसंत ऋतूत पायरने घसरगाड्या घेऊन उत्तरेकडे मजल मारली व १२ एप्रिल १८७४ रोजी रुडॉल्फ बेटावरील फ्लिगेली भूशिर गाठले. जहाज शेवटी सोडून द्यावे लागले. होड्या बर्फावरून ओढत निघालेल्या या मंडळींनी दोन महिने श्रम केले. पण खालचा बर्फच उलट दिशेस सरकत असल्याने ती जहाजापासून फारशी दूर गेलीच नव्हती. असे असूनही बहुतेक सर्वजण जिवंत परतले, आणि त्यांच्याबरोबर नकाशाही आला.

या नकाशात ऑस्ट्रिया सामुद्रधुनीच्या दोन बाजूंस विल्चेक लँड व झिची लँड असे दोन विस्तीर्ण भूखंड दाखविले होते. त्याखेरीज फ्लिगेलीच्या उत्तरेस पीटरमान लँड व वायव्येस किंग ऑस्कर लँड अशा आणखी दोन भूमी होत्या. यांपैकी ऑस्ट्रिया सामुद्रधुनी खरी. झिची लँड म्हणजे अनेक बेटांचा पुंजका. आणि शेवटच्या दोन भूमी तर नाहीतच.

पायर बेजबाबदार होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोठलेली सामुद्रधुनी आणि हिमाखालचे सखल बेट दुरून सारखेच दिसतात. शिवाय आपल्याकडील मृगजळ तापलेल्या जमिनीमुळे दिसते, तर तेथे बर्फालगतच्या थंड हवेवर उष्ण हवेचा थर येतो आणि प्रकाश वाकून क्षितिजावरील हिमराशी उंच कड्यांप्रमाणे उचललेल्या दिसतात. पाहिलेले आणि चाललेले यांतील भेद मात्र छापील नकाशात उरत नाही. दोहोंची रेषा सारखीच ठळक असते.

याची किंमत नान्सेनने मोजली. १८९५ मध्ये योहानसेनसह ‘फ्राम’ सोडून ध्रुवाकडे निघालेला हा संशोधक ८६ अंशांपलीकडून दक्षिणेस वळला, तेव्हा पायरचा नकाशा हाच त्याचा आधार होता. पीटरमान लँड भेटले नाही. जुलैअखेर भूमी दिसली, पण ती नकाशाशी जुळेना. त्यातच वाटेत दोघांचीही घड्याळे बंद पडून गेली होती. वेळेत चार मिनिटांची चूक झाली तर रेखांश एका अंशाने चुकतो. ८१ अक्षांशावर हे अंतर सुमारे १७ किलोमीटर होते. आपण चुकलो की नकाशा, हे ठरविण्याचे साधनच उरले नव्हते. दगड व वॉलरसची कातडी यांच्या झोपडीत एक हिवाळा काढल्यानंतर, १७ जून १८९६ रोजी, फ्लोरा भूशिरावर इंग्रज संशोधक जॅक्सनची गाठ पडली तेव्हा उलगडा झाला. जॅक्सन १८९४ पासून तेथे मोजणी करीत होता, आणि झिची लँडचे तुकडे त्यालाही आढळले होते. नान्सेनच्या हातूनही चूक झालीच. पत्नी एव्हा व कन्या लिव्ह यांच्या नावांनी त्याने जी दोन बेटे दाखविली, ते एकच बेट निघाले.

१९०० मध्ये इटालियन मोहिमेतील काग्नी रुडॉल्फ बेटावरून ८६ अंश ३४ कलांपर्यंत गेला. त्या वाटेवर बर्फाखेरीज काहीही नव्हते.

दुरुस्त नकाशाचा उपयोग कोणास झाला, हेही पाहावे. १९१४ मध्ये बर्फात अडकलेल्या ‘सेंट ॲना’ जहाजावरून रशियन सुकाणूअधिकारी अल्बानोव्ह काही सोबत्यांसह पायी निघाला. त्याच्यापाशी या प्रदेशाचा स्वतंत्र नकाशा नव्हता. होता तो नान्सेनच्या प्रवासग्रंथातील लहानसा आराखडा. फ्लोरा भूशिरावर जॅक्सनचे घर आहे, हेही त्याच ग्रंथातून कळलेले. तेथपर्यंत दोघेच पोहोचले, अल्बानोव्ह व खलाशी कॉनराड. आणि सेदोव्हच्या मोहिमेच्या परतणाऱ्या जहाजाने त्यांना उचलले.

उरलेली बरीचशी दुरुस्ती आकाशातून झाली. जुलै १९३१ मध्ये ‘ग्राफ झेपेलिन’ या वायुनौकेने द्वीपसमूहावरून उड्डाण करून छायाचित्रे घेतली. हार्म्सवर्थ व आल्बर्ट एडवर्ड ही बेटे नाहीत, आणि आर्मिटेज हे बेट नसून प्रिन्स जॉर्ज लँडचे द्वीपकल्प आहे, हे त्या काही तासांत निश्चित झाले.