आपणही सगळ्यांबरोबर बसू: कढईत भाजलेला पास्ता

संध्याकाळचे सात वाजलेत. कुणाची भाजी फोडणीला पडली असेल, कुणी परातीत पीठ घेतलं असेल. हात चालू ठेवा, नुसतं ऐका.

आपल्या घरातलं रात्रीचं जेवण डोळ्यांपुढे आणा. पोरं बसतात, मालक बसतात, सासरे बसतात, आणि आपण चुलीपाशी. एक भाकरी तव्यावर, एक हातात, एक ताटात वाढायची. गरम हवी ना प्रत्येकाला! सगळ्यांचं होईपर्यंत पातेल्यात भाजीचा रस्सा उरतो, फोडी उरत नाहीत. गटाच्या बैठकीत आम्ही एकदा एकमेकींना विचारलं, गेल्या आठवड्यात घरच्या सगळ्यांबरोबर बसून कोण जेवलं? एकीचाही हात वर झाला नाही.

त्याच बैठकीत पास्त्याचा विषय निघाला, तो पोरांमुळे. बाजारच्या दिवशी पाकीट मागतात, लग्नात काउंटरपुढे रांग लावतात. आम्हीही आधी नाकं मुरडली. पण एकीची लेक पुण्यात एका घरी स्वयंपाकाला जाते, तिने सांगितलं की पास्ता भाजायचीही एक रीत आहे. सगळं एका भांड्यात थर लावून भट्टीत ठेवायचं आणि अर्ध्या तासाने भांडंच ताटांपाशी आणायचं. इटलीत असा भाजलेला पास्ता रविवारी, सणावाराला करतात. अमेरिकेत कामावरून दमून आलेल्या बायका तो आठवड्यातल्या कुठल्याही रात्री करतात. तिकडे त्याला कॅसरोल म्हणतात. आपल्याकडे कॅसरोल म्हणजे चपात्यांचा डबा, त्यामुळे पहिल्यांदा आम्हाला वाटलं, डब्यात पास्ता भरून ठेवायचा! मूळ शब्द भांड्याचाच आहे, आणि त्या भांड्यात शिजलेल्या पदार्थालाही तेच नाव पडलं.

आम्हाला यातली एकच गोष्ट भावली. भांडं भाजायला ठेवलं की करणारीचे हात मोकळे होतात. शेवटच्या क्षणी तव्यापाशी कुणी अडकून राहत नाही.

आता पहिली शंका, पास्ता म्हणजे मैदा ना? स्वस्तातला सुटा मिळतो तो बहुतेक मैद्याचाच, आणि तो लगेच गळतो. चांगला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. ड्युरम म्हणजे कुणी परका नव्हे, आपला बन्सी गहू. ज्याचा रवा कणीदार पडतो आणि शेवया तुटत नाहीत, तोच. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे पंचवटी आणि गोदावरी हे वाण याच जातीचे आहेत. पाकीट घेताना मागची बारीक अक्षरं पोराकडून वाचून घ्या. ड्युरम रवा लिहिलेलं असेल तर घ्या. मसाल्याची पुडी आत असलेलं पाकीट नको, त्यात मीठच फार.

पाकीट मिळालं नाही तरी अडत नाही. आपण चकोल्या, वरणफळं करतोच की. बन्सीची कणीक घट्ट मळायची, पोळीपेक्षा थोडी जाड लाटायची, शंकरपाळ्यांसारखी कापायची आणि तासभर परातीत पसरून सुकू द्यायची. उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटांत शिजते. आमच्या गटातल्या दोघी-तिघींना तर पाकिटापेक्षा हीच आवडते.

सहा माणसांना पाव किलो पास्ता पुरतो. अडीच लिटर पाणी खळखळ उकळू द्या, मोठा चमचाभर मीठ घाला, मग पास्ता सोडा. पाकिटावर दहा मिनिटं लिहिली असतील तर सात-आठ मिनिटांनी उतरवा. एक तुकडा दाताखाली धरून बघा. मध्ये किंचित कच्चा लागला पाहिजे, कारण तो पुढे अर्धा तास रसात आणि वाफेत शिजणार आहे. पहिल्या वेळी आम्ही पूर्ण शिजवला आणि वर भाजला. एका सासूबाईंनी चमचा उभा करून पाहिला आणि म्हणाल्या, "हे तर बाळाचं खिमट." खरंच होतं ते. निथळलेल्या पास्त्याला चमचाभर तेल चोळून परातीत मोकळा करा. शिजवलेलं पाणी वाटीभर राखून ठेवा.

दुसऱ्या पातेल्यात दोन कांदे, आठ-दहा पाकळ्या लसूण आणि अर्धा किलो टोमॅटो तेलावर मऊ करा. चमचाभर कांदा-लसूण मसाला, मीठ, आणि चिरलेल्या पालकाची एक जुडी घाला. मग त्यात मोठी वाटीभर शिजवलेली मटकी किंवा चवळी. हे विसरू नका. नुसता पास्ता म्हणजे नुसता गहू, पोट भरतं पण तासा-दोन तासांत पोरं पुन्हा डबे उघडतात. रस्सा पातळच ठेवा, लागलं तर राखलेलं पाणी घाला. पास्ता भाजताना रस पितो.

राहिला पांढरा रस. नाव ऐकून घाबरू नका, ते दुधाचं पिठलं आहे. दोन मोठे चमचे लोणी किंवा तेल, त्यावर दोन मोठे चमचे गव्हाचं पीठ, खमंग वास येईपर्यंत मंद आचेवर परता. लाल करू नका. मग अर्धा लिटर दूध थोडं थोडं ओतत रवीने घोटत राहा. एकदम ओतलंत तर गुठळ्या झाल्याच. पळीला चिकटेल इतकं झालं की मीठ, मिरपूड घालून उतरवा.

अर्ध्या लिटर दुधावर गटात बरीच बोलाचाली झाली. गोठ्यात म्हैस असली तरी दूध जातं डेअरीला, घरात राहतं चहापुरतं. एकजण म्हणाली, आठवड्यातून एकदा अर्धा लिटर कमी घातलं तर डेअरी काही बंद पडत नाही. त्यावर सगळ्या हसल्या, पण ते पटलं. या पदार्थातलं दूध एकट्याच्या पेल्यात जात नाही, सगळ्यांच्या वाट्याला येतं. आपल्याही.

रुंद पातेल्याला तेल लावा. तळाला थोडा टोमॅटोचा रस्सा, मग उरलेल्या रश्शात कालवलेला पास्ता, त्यावर पांढरा रस. वर चीज असेल तर एक-दोन तुकडे किसून घाला. नसेल तर सकाळची पोळी कडक भाजून तिचा चुरा करा, त्यात शेंगदाण्याचा कूट आणि चमचाभर तेल मिसळा. चीजपेक्षा हा चुरा आमच्याकडे जास्त खपतो, खरं सांगतो.

भट्टी नाही म्हणून थांबू नका. विदर्भातले रोडगे, रायगडची पोपटी, कोकणातलं धोंडस कुठल्या यंत्रात भाजत होत्या आपल्या आज्या? वर-खाली निखारे, एवढंच. चूल असेल तर पातेल्यावर घट्ट सपाट झाकण ठेवा, खाली मोजके आणि वर जास्त निखारे पसरा. अर्ध्या तासात वरचा थर खरपूस होतो. पाणी तापवून झाल्यावर उरलेल्या विस्तवावरही हे जमतं, वेगळं जळण लागत नाही.

गॅसवर करायचं तर लोखंडी किंवा जाड ॲल्युमिनियमची मोठी कढई घ्या. काळा थर दिलेली नको. तळाला किलोभर जाडं मीठ पसरा, त्यावर लोखंडी कडं किंवा उपडी थाळी. झाकून दहा मिनिटं तापवा, मग पातेलं आत ठेवून वर घट्ट झाकण. मंद ते मध्यम आचेवर तीस मिनिटं. कडेने रस खदखदायला लागला की झालं. यात वरून रंग येत नाही, म्हणून शेवटची पाच मिनिटं चांगला तापवलेला लोखंडी तवा झाकण म्हणून ठेवा. गॅस नेहमीपेक्षा थोडा जास्त जळतो, ते लपवत नाही. मीठ गार झाल्यावर बरणीत भरा, पुढच्या वेळी भाजायला चालतं, खायला नाही. आणि ते मीठ फार वेळ तापलेलं राहतं, लहान पोरांना लांब ठेवा.

विजेची छोटी भट्टी असेल तर १८० अंशांवर पंचवीस मिनिटं. १२०० वॅटची भट्टी अर्धा तास सलग चालली तरी ०.६ युनिटपेक्षा जास्त वीज जात नाही.

शेतावरून येऊन एवढं कधी करायचं? सकाळीच कडधान्य शिजवा, टोमॅटोचा रस्सा करून ठेवा. दुधाचा रस मात्र संध्याकाळीच करा, उन्हाळ्यात तो दिवसभर टिकत नाही.

आता वाढण्याबद्दल. दुसऱ्यांदा केला तेव्हा चव जमली, पण झालं काय, पोरांनी दोनदा घेतलं, पाहुणे आले त्यांना वाढलं, आणि करणारीला कडेची खरवड. म्हणजे भांडं बदललं, रीत तीच. तेव्हापासून आम्ही पातेलं उतरवलं की दहा मिनिटं निवू देतो, आणि कुणाच्याही ताटात जाण्याआधी उलथण्याने सहा घरांत सहा सारखे भाग पाडतो. आपला भाग आधी आपल्या ताटात, आणि ताट सगळ्यांच्या ओळीत. पहिल्या रात्री अवघडल्यासारखं वाटतं. एकीच्या मुलाने विचारलंसुद्धा, "आई, तू आत्ता का बसलीस?"

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. एका रात्रीच्या पास्त्याने ते भरून निघत नाही, त्यासाठी दवाखान्यात तपासून गोळ्या घ्याव्याच लागतात. पण उरलंसुरलं खाणं हे त्यातलं एक कारण आहे, आणि तेवढं आपल्या घरात आपल्या हातात आहे.

मालक "माझी भाकरी कुठंय" म्हणणारच. सकाळची एक ठेवा, रश्शाबरोबर चांगली लागते. दात नसलेल्या सासऱ्यांना मात्र हा मऊ घास फार मानवतो, असं आम्हाला चार घरांतून कळलं. उरलाच तर रात्री झाकून थंड जागी ठेवा, सकाळी तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजूंनी चांगला गरम, खरपूस करा. पोरं तो शाळेच्या डब्यात नेतात.