आर्णी या नावात अक्षरं किती?

यवतमाळ या नावात अक्षरं किती? दुसरीतलं पोरगंही बोटांवर मोजून सांगेल: य, व, त, मा, ळ. म्हणजे 5. हाच प्रश्न पायथन या संगणकभाषेला विचारा, उत्तर येतं 6. तेच नाव फाइलमध्ये साठवायला किती जागा लागेल असं विचारा, उत्तर येतं 18 बाइट. गंमत म्हणजे तिन्ही उत्तरं बरोबर आहेत.

आपल्याला 'मा' हे एक अक्षर दिसतं. युनिकोड या जागतिक लिपीसंकेतात मात्र 'म' वेगळा आणि काना वेगळा. दोघांना आपापला क्रमांक आहे, आणि पायथनचं 'लेन' हे फंक्शन हे क्रमांक मोजतं. यूटीएफ-8 पद्धतीने साठवताना देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला 3 बाइट लागतात, म्हणून 6 गुणिले 3, म्हणजे 18. इंग्रजीतला एसएमएस 160 चिन्हांचा आणि मराठीतला 70 चाच का, याचं उत्तरही अशाच हिशेबात दडलेलं आहे: मराठीला प्रत्येक चिन्हामागे जागा जास्त लागते.

आता पुढची पायरी. पायथनला सांगा, हे नाव उलटं लिही. तो लिहितो 'ळामतवय'. 'म' वरचा काना उडी मारून 'ळ' वर जाऊन बसला! यंत्र चुकलं नाही. त्याने 6 क्रमांकांची रांग प्रामाणिकपणे उलटी केली, आणि काना नव्या शेजाऱ्याला चिकटला.

असले खेळ एकट्याने खेळताना माणूस 'असेल काहीतरी' म्हणून पुढे जातो. चार जण जमले की कुणीतरी विचारतं, 'पण असं का?' पायथनच्या स्थानिक गटांचं सगळं बळ या एका प्रश्नात आहे. पुण्यात 'पायथन पुणे' आहे, मुंबईत 'मम्पाय' आहे. अशा गटांची रीत जगभर साधारण सारखीच: सुट्टीच्या दिवशी एखाद्या कंपनीची किंवा कॉलेजची खोली मिळवायची, प्रोजेक्टर लावायचा, एक-दोघांनी आपण केलेलं काम दाखवायचं. मग 'लायटनिंग टॉक', म्हणजे ज्याला हात वर करावासा वाटेल त्याने 5 मिनिटं बोलायचं. फी नाही, परीक्षा नाही, हजेरीची सक्ती नाही. समोर पंधरा वर्षं नोकरी केलेला माणूस असतो आणि शेजारी काल पायथन उतरवून घेतलेली विद्यार्थिनी. दोघांच्या पडद्यावरची लाल अक्षरातली एरर सारखीच असते.

हजेरीचीच गोष्ट घ्या. समजा, एका शिक्षकाने वर्गाची यादी आडनावांप्रमाणे लावायला पायथनला दिली. पायथनने लावली: काळे, कावळे, कासार. मराठी शब्दकोशाच्या क्रमाने हवं होतं: कावळे, कासार, काळे. आपल्या वर्णमालेत 'ळ' कुठे येतो? य, र, ल, व, श, ष, स, ह, आणि मग ळ. पण युनिकोडमध्ये 'ल' चा क्रमांक 2354, 'ळ' चा 2355, आणि 'व' चा 2357. पायथनचं 'सॉर्टेड' हे फंक्शन क्रमांक पाहून रांग लावतं, आणि 'ळ' ला 'ह' च्या मागून उचलून 'ल' शेजारी बसवतं.

'ळ' तिथे कसा गेला? युनिकोडमधली भारतीय लिप्यांची मांडणी 1988 च्या 'इस्की' या भारतीय संकेतावर उभी आहे. या संकेताची कल्पना अशी की सगळ्या भारतीय लिप्यांचा तक्ता एकच असावा, म्हणजे त्याच उच्चाराचं अक्षर प्रत्येक लिपीच्या तक्त्यात त्याच घरात. एकट्या मराठीची सोय पाहून तो केलेला नव्हता. या समान तक्त्याचा एक चमत्कार यवतमाळकरांनी आवर्जून करून पाहावा. 'यवतमाळ' मधल्या सहाही चिन्हांच्या क्रमांकात 768 मिळवा आणि नवे क्रमांक पायथनला परत अक्षरांत बदलायला सांगा. पडद्यावर तेलुगू अक्षरं उमटतात, आणि पैनगंगेपलीकडचा आदिलाबादचा माणूस ती 'यवतमाळ' अशीच वाचतो! एका बेरजेने नाव नदी ओलांडून जातं. ज्या मांडणीमुळे आपली हजेरी बिघडली, तिनेच ही किमया करून दाखवली.

ज्या 'सॉर्टेड'ने हे केलं, त्याच्या पोटात 2002 साली टिम पीटर्स यांनी पायथनसाठी लिहिलेली युक्ती आहे. तिचं नाव 'टिमसॉर्ट'. तारखेप्रमाणे लावलेल्या पावत्यांचे दोन-तीन गठ्ठे असले तर आपण ते विस्कटून पुन्हा पहिल्यापासून लावत नाही, गठ्ठ्यात गठ्ठा मिसळतो; टिमसॉर्टही आधीच क्रमाने असलेले तुकडे शोधतो आणि तेवढे श्रम वाचवतो. ही युक्ती पुढे जावाने उचलली, अँड्रॉइडने उचलली. खुल्या प्रकल्पात काम करणाऱ्या एका माणसाने लिहिलेली गोष्ट आज कोट्यवधी फोनमध्ये बसली आहे.

पायथन वाढला तोच असा. गिडो व्हान रॉसम यांनी 1989 च्या नाताळच्या सुट्टीत अ‍ॅमस्टरडॅममध्ये ही भाषा लिहायला घेतली आणि फेब्रुवारी 1991 मध्ये ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली. पायथन वापरणाऱ्यांची पहिली कार्यशाळा नोव्हेंबर 1994 मध्ये अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या एका सरकारी संस्थेत भरली. माणसं जमली होती 20 च्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या भिशीच्या बैठकीएवढी. भारतात 'पायकॉन इंडिया' हे संमेलन 2009 पासून बेंगळुरूत सुरू झालं, 2011 साली ते पुण्यात भरलं. त्यामागची एक मोठी प्रेरणा होते केनेथ गोन्सालव्हिस, आणि ते कुठल्या महानगरात बसलेले नव्हते, निलगिरीतल्या उटीत राहून काम करत होते. 2012 मध्ये ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार आता पायथनसाठी झटणाऱ्या भारतीयांना दिला जातो.

महानगराबाहेरचं दुसरं उदाहरण बंगालातल्या दुर्गापूरचं. कुशल दास यांनी तिथे लिनक्स वापरणाऱ्यांचा गट काढला आणि उन्हाळी प्रशिक्षण सुरू केलं. ते चालायचं निव्वळ लिखित गप्पांतून, कारण संथ इंटरनेटवर व्हिडिओ अडखळतो, अक्षरं अडखळत नाहीत. पुढे दास पुण्यात राहिले आणि खुद्द पायथनच्या गाभ्यावर काम करणाऱ्या मोजक्या मंडळींपैकी एक झाले. मुंबईत आयआयटीच्या 'फॉसी' प्रकल्पात पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांकडून पायथनमध्ये लिहून घेतली गेली आणि त्याचं मानधनही दिलं गेलं. कॉलेज कुठल्या गावचं आहे, याने तिथे फरक पडला नाही.

गटात उठलेला प्रश्न जातो कुठे, हे समजलं की आश्चर्य आणखी वाढतं. पायथनच्या तक्रारींची नोंदवही सगळ्यांसाठी उघडी आहे. भाषेत मोठा बदल हवा असेल तर 'पेप' नावाचा प्रस्ताव लिहायचा, त्यावर जगभरची माणसं भांडतात, आणि पटला तर तो भाषेत उतरतो. 2007 साली मार्टिन फॉन लेव्हिस यांनी असाच प्रस्ताव मांडला होता: चलांची नावं इंग्रजी अक्षरांतच का असावीत? तो मान्य झाला. म्हणून आज पायथनमध्ये 'कापूस' किंवा 'भाव' असं थेट देवनागरीत नाव देऊन प्रोग्रॅम लिहिता येतो. आकड्यांचंही तसंच. 2024-25 साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता. कुणी तो '७५२१' असा देवनागरी अंकांत टाइप करून ठेवला असला, तरी पायथनचं 'इंट' फंक्शन तो वाचतं आणि बेरीज-वजाबाकीला देतं.

नवशिक्यांची कुरकुरही वाया जात नाही. कंस उघडला आणि बंद करायचा राहिला, तर जुना पायथन भलत्याच ओळीकडे बोट दाखवून 'वाक्यरचना चुकली' एवढंच पुटपुटायचा. शिकणारा त्या निर्दोष ओळीकडे तासभर टक लावून बसायचा. ऑक्टोबर 2021 मध्ये आलेल्या 3.10 या आवृत्तीपासून तो सरळ सांगतो की अमुक ओळीवरचा कंस बंदच केलेला नाही.

आता आर्णीकडे येऊ. यवतमाळ जिल्ह्याच्या 16 तालुक्यांतला हा एक. डोळ्यांना अक्षरं दिसतात 2: आ आणि र्णी. पायथनची लांबी म्हणते 5: आ, र, हलंत, ण आणि दीर्घ वेलांटी. वाचणाऱ्याला एकसंध दिसणारा अक्षरगट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याचे युनिकोडचे वेगळे नियम आहेत. ते पाळून मोजणाऱ्या लायब्ररीही पायथनसाठी मिळतात. पण हे नियमसुद्धा कित्येक वर्षं जोडाक्षराचे दोन तुकडे करत आले. त्यांच्या लेखी आर्णीत अक्षरं होती 3: आ, र्, णी. देवनागरी जोडाक्षर तोडू नये, हा नियम युनिकोडच्या 15.1 या आवृत्तीत आला, सप्टेंबर 2023 मध्ये. म्हणजे आर्णीत अक्षरं दोनच, हे शाळेतल्या बाईंना कायम ठाऊक असलेलं उत्तर जगाच्या अधिकृत नियमांत उतरायला 2023 उजाडावं लागलं!

'ळ' चं दुखणं मात्र नियम बदलून बरं होणारं नाही. युनिकोडने एकदा दिलेला क्रमांक कधीही बदलायचा नाही, असं वचन दिलेलं आहे. ते मोडलं तर जगातल्या जुन्या फाइली वाचता येणार नाहीत. 'ळ' कायमचा 2355 वरच राहणार. त्यावर तोड आहे ती वेगळ्या ठिकाणी: प्रत्येक भाषेचा स्वतःचा वर्णक्रम नोंदवणारं 'सीएलडीआर' नावाचं भांडार आहे, त्यात मराठीचा क्रम वेगळा नोंदलेला आहे, आणि 'पायआयसीयू' या लायब्ररीमार्फत पायथनला तो वापरता येतो. हे ठाऊक असणाऱ्याला हजेरी नीट लावायला दोन-तीन ओळी पुरतात. ठाऊक नसणारा शिक्षक यादी हाताने लावत बसतो. माहिती खुली आहे, पण ती हवी त्या माणसापर्यंत आपोआप पोचत नाही. हे काम गटाचं.

पुण्याची बैठक गाठायची तर यवतमाळहून ट्रॅव्हल्समध्ये अख्खी रात्र काढावी लागते. पण गट म्हणजे काही पुण्याची शाखा नव्हे. यवतमाळात जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी आहे, पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी आहे, आणि सीबीएसईच्या अकरावी-बारावीत पायथन शिकवतात. खोली, प्रोजेक्टर आणि तीन उत्साही माणसं एवढ्यावर पहिली बैठक होते. विषय शोधायलाही लांब जायला नको. सोळा तालुक्यांची नावं मराठी क्रमाने लावा. झरी जामणीतली मधली मोकळी जागा मोजायची की नाही, यावर वाद घाला. बाजार समित्यांचे कापसाचे भाव सरकारी संकेतस्थळावर रोज येतात, त्यातून वणी आणि पांढरकवड्याचे भाव शेजारी शेजारी मांडून बघा.

यातलं काही अडलं, तर ते नीट लिहून काढा: काय केलं, काय हवं होतं, काय झालं. अडलेलं कोडं असं तीन ओळींत मांडता येणं ही या गटांत मिळणारी सगळ्यात मोठी विद्या आहे, कारण त्या तीन ओळी पुण्यात, बेंगळुरूत, अ‍ॅमस्टरडॅममध्ये कुठेही वाचल्या जातात. जोडाक्षर, काना, 'ळ' यांच्या अडचणी इंग्रजीत काम करणाऱ्याला दिसतच नाहीत, त्याची लिपी त्याला तिथे अडखळू देत नाही. त्या आपल्यालाच दिसतात, म्हणून त्या कळवण्याचं कामही आपलंच.