गोठ्याची दुसरी वही

घरच्या चार गुरांत काही सुटत नाही, हे नाटे गावात शेंबडं पोरही सांगेल. पेंड महाग, दर कमी, ही झाली पेपरात छापून येणारी कारणं. मी काही काळ नाटे-आंबोळगड भागात कर्जाचे कागद भरून देत असे. तेव्हा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून जी ऐकली, ती निराळी.

शेळ्यांचा प्रकल्प अहवाल म्हणजे निव्वळ कादंबरी. दहा शेळ्या, एक बोकड. कागदावरची प्रत्येक शेळी वेळेत गाभण राहते, जुळीच देते, पावसात तिचे खूर सडत नाहीत आणि सड्यावरचा बिबट्या तर बहुधा माळकरी असतो. एका वाडीत पाहणीच्या दिवशी दहाचा आकडा भरेना, म्हणून शेजारच्या तीन शेळ्या उसन्या बांधल्या. फोटो झाले, चहा झाला. पुढच्या आठवड्यात पाहणी शेजाऱ्याकडे. तिथे एका भुऱ्या शेळीने साहेबांच्या फाइलचा तोच कोपरा पुन्हा तोंडात घेतला. साहेब म्हणाले, "हिची-माझी ओळख आहे." सही मात्र केली नाही.

खरं राजकारण फॅटचं. गाईच्या दुधाचा दर साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफवर (फॅट सोडून उरलेल्या घन भागावर) ठरतो, म्हशीचा सहा आणि नऊवर. आमच्या काकींच्या म्हशीला पाच लागे, शेजारणीच्या म्हशीला साडेसहा. खाद्य तेच, पाणीही एकाच विहिरीचं! शेजारीण दुधात काहीतरी घालते, याबद्दल काकींच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. भेद फुटला एका पहाटे, कुडाच्या फटीतून. पहिल्या धारा पातळ, शेवटच्या दाट. शेजारीण रेडकाला आधी लावी, पान्हा सुटला की बांधून टाकी आणि कास पार निपटून काढी. काकी आधी पिळत आणि शेवटचं सगळं रेडकाला सोडत. दोन दिवस त्यांनीही शेजारणीसारखं केलं. फॅट चढलं, पण रेडकू रात्रभर हंबरलं. तिसऱ्या दिवशी काकी विरघळल्या. आणि रेडकू तरी कसलं? टोणगा! फुकट दिला तरी कोणी नेईना.

सरकारी पाच रुपयांची गोष्ट तर आणखी मजेची. जुलै २०२३ मध्ये गाईच्या दुधाला किमान ३४ रुपये दर जाहीर झाला. तो काही टिकला नाही, म्हणून जानेवारी २०२४ पासून लिटरमागे पाच रुपये अनुदान आलं. एका भाऊंनी उत्साहाने गाईच्या कानात बिल्ला मारून घेतला, बँक खातं आधारला जोडलं. मग कळलं, अनुदान डेअरीला घातलेल्या दुधालाच. भाऊंचा रतीब घरोघरी आणि चहाच्या टपरीवर. इथवर ठीक होतं. पण टपरीवाल्यानेही बातमी ऐकली होती. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सरकार पाच देतंय ना? मग माझ्यासाठी दोन तरी कमी करा."

जमाखर्चात शिल्लक दिसते ती शेणखतामुळे, आणि तीही पेंढा घरचा नि घरच्यांची मजुरी कुणी लिहीतच नाही म्हणून. मृगाआधी हापूसचे बागायतदार ट्रॉली घेऊन येतात. फॅट विचारत नाहीत, ढिगात काठी खुपसतात. एका वर्षी शेजारणीच्या ढिगात काठी हातभर गेली आणि तळाची लाल माती घेऊन वर आली. दुधाच्या बिलाने काकींना इतका आनंद कधी दिला नव्हता.