लॉसलेस ऐकायचं, तर डेटा किती जाणार?

जॉय डिव्हिजनचा 'अननोन प्लेझर्स' (१९७९) हा पोस्ट-पंक अल्बम सुमारे ४० मिनिटांचा. ३२० केबीपीएस स्ट्रीमिंगवर तो ऐकला, तर साधारण ९६ एमबी डेटा जातो. सीडीचा दर १,४११ केबीपीएस. म्हणजे जवळपास ४२३ एमबी. लॉसलेस फाइल काहीही न गाळता हा आकार कमी करते. तरी डेटा साधारण दुप्पट-तिप्पट लागतोच.

फरक कळतो का? नेहमीच्या ब्लूटूथ इअरफोनवर आवाज पुन्हा कॉम्प्रेस होतो. भिवंडीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात तर बारकावे बुडूनच जातात. निर्माता मार्टिन हॅनेटने ड्रम्सना दिलेला पोकळ, घुमणारा आवाज नीट ऐकायचा असेल, तर वाय-फायवर लॉसलेस डाउनलोड करा, वायरचा हेडफोन लावा आणि शांत खोलीत बसा. एरवी ३२० पुरेसं आहे.