करुणा आणि मैत्री : बिशप अझरायांच्या प्रवासाचा अर्थ

तृतीय वर्षाच्या वर्गात मी धर्मांतराच्या चळवळी शिकवीत होतो. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी थांबला. तो ख्रिस्ती. त्याचा आजा आणि माझा आजा, दोघेही गावकुसाबाहेरचेच. तो म्हणाला, "सर, बुद्धाकडे गेले ते बंडखोर आणि आम्ही मात्र भाकरीसाठी गेलेले, असं का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पण लहानपणी वस्तीतल्या ख्रिस्ती पोरांना 'भाकरीचे ख्रिस्ती' म्हणून चिडवणाऱ्यांत मीही होतो. हा लेख म्हणजे त्या पोराला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

त्यासाठी एका पाळकाचा प्रवास समजून घ्यावा लागेल. वेदनायगम सॅम्युएल अझराया यांचा जन्म 1874 साली तमिळनाडूतील तिरुनेलवेली भागात वेल्लालनविळै या खेड्यात झाला. वडील खेड्यातले पाळक, जात नाडार. ताडीच्या झाडांवर पोट भरणाऱ्या या जातीला सवर्ण मंदिराची पायरीही चढू देत नसत. म्हणजे अपमान काय असतो हे अझरायांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

1902 साली ते श्रीलंकेतील जाफन्याला गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती स्वतःची माणसे आणि स्वतःचा पैसा लावून दुसऱ्या मुलखात धर्मप्रसार करीत होते. ते पाहून अझरायांना स्वतःची लाज वाटली. आपल्याकडे ख्रिस्ती झालेल्यांच्या पिढ्या गेल्या, तरी आपण परदेशी मिशनच्याच ओंजळीने पाणी पितो, हे त्यांना खुपले. परत आल्यावर 1903 मध्ये त्यांनी तिरुनेलवेलीची भारतीय मिशनरी संस्था उभी केली. माणसे भारतीय, पैसा भारतीय, कारभारही भारतीयांचाच. तिचे कार्यक्षेत्र ठरले निजामाच्या राज्यातील दोर्नकल. 1909 मध्ये पाळकपदाची दीक्षा घेऊन अझराया स्वतःच तेथे गेले. भाषा परकी, प्रदेश परका. तमिळ माणूस तेलुगू शिकून माला आणि मादिगा वस्त्यांत हिंडू लागला.

जून 1910 मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे 1200 प्रतिनिधी. त्यांत आशियातले हातांच्या बोटांवर मोजण्याइतके. अध्यक्ष होते अमेरिकेचे जॉन मॉट. पस्तिशीतल्या अझरायांना परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांच्या सहकार्यावर बोलायचे होते. गोड बोलून, आभार मानून ते परतू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. मिशनरी आणि भारतीय कार्यकर्ता यांचे नाते पगार देणारा आणि पगार घेणारा असेच राहिले आहे, मिशनऱ्याच्या वागण्यातून वरचढपणा जात नाही, हे त्यांनी भर सभेत सांगितले. शेवटी, तुम्ही गरिबांसाठी धन दिलेत, देह झिजवलात, आता आम्हांला मित्र द्या, अशी त्यांची मागणी होती. सभेतले काही जण दुखावले.

ही मागणी साधी नाही. दान देणारा वरच्या पायरीवर उभा असतो आणि घेणारा खालच्या. दान कितीही मोठे असले तरी पायरी तशीच राहते. मैत्रीत मात्र पायरीच काढून टाकावी लागते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणेवर न थांबता मैत्रीपर्यंत जाण्याचा विचार मांडला आहे. अझराया बौद्ध नव्हते, त्यांची श्रद्धा निराळी होती. परंतु दयेने माणसाची अप्रतिष्ठा संपत नाही, हे दोघांनीही ओळखले होते.

1912 मध्ये अझराया दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. त्यांच्या काळात माला-मादिगा मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. यामागे केवळ प्रलोभन पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 1936 मध्ये हेच जॉन मॉट वर्ध्याजवळच्या शेगावात गांधीजींना भेटले. तेव्हा अस्पृश्यांना धर्माचा उपदेश करणे म्हणजे गाईला उपदेश करण्यासारखे आहे, अशा अर्थाचे उद्गार गांधीजींनी काढले. अस्पृश्याला बुद्धीच नाही, तो निवड करूच शकत नाही, हे यात गृहीत धरलेले आहे. 'भाकरीचे ख्रिस्ती' या शिवीतही तेच गृहीत आहे. आणि ती शिवी आम्हीही देत होतो!

पण मग धर्म बदलला म्हणून जात गेली काय? नाही. माला आणि मादिगा यांच्यातले अंतर मंडळीतही उरले. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांना जातीने सोडले नाही आणि तिच्याविरुद्ध ते चळवळ म्हणून उभे राहिले नाहीत, ही बाबासाहेबांची टीका त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात वाचावी. ती कठोर आहे आणि खरी आहे. गोऱ्या मिशनऱ्याकडे मागितलेली मैत्री चर्चमधल्या सवर्णाने दलित ख्रिस्त्याला आणि एका दलित जातीने दुसरीला द्यायला हवी होती. एडिंबरोचे ते भाषण अजून आपल्या दारात उत्तराची वाट पाहत उभे आहे.

राज्यसंस्थेनेही हा प्रश्न सोडवला नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्माशी बांधला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. 2007 मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची ही अट काढण्याची शिफारस केली. 2022 मध्ये सरकारने पुन्हा नवा आयोग नेमला. गाव त्यांना जुन्याच जातीने ओळखते, कायदा मात्र ओळखत नाही.

त्या विद्यार्थ्याला मी आता इतकेच सांगेन : तुझ्या आजाने भाकर घेतली असेल, तर भुकेल्याने भाकर घेण्यात लाज कसली? पण तो माणसासारखे वागवले जाण्यासाठीही गेला होता. माझा आजा दुसऱ्या वाटेने त्याचसाठी गेला. वाटा दोन, हिशेब एकच. आता आपण दोघांनी एकमेकांच्या आजाला हिणवणे थांबवू आणि 1950 च्या त्या आदेशाविरुद्ध एकाच मोर्चात चालू. मैत्रीची सुरुवात तेथून होईल.